श्रिम्प एका रात्रीत, स्टारफिश नवव्या दिवशी: नाजूक समुद्री जीव रीफ टँकमध्ये सोडताना नेमकं काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घरी २५० लिटरचा रीफ टँक (प्रवाळ ठेवलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) दीड वर्ष नीट चालू आहे. मासे, सॉफ्ट कोरल, सगळं ठणठणीत. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने एक क्लीनर श्रिम्प आणि एक निळा स्टारफिश मागवला. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पिशवी वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवली, मग तोंड उघडून आत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला आणि तासभर थेंब थेंब पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रिम्प मेलेला. स्टारफिश आठवडाभर काचेवर फिरला, मग एका हाताच्या टोकाला पांढरा चट्टा पडला आणि नवव्या दिवशी विरघळायला लागला. टँकची तपासणी: क्षारता (पाण्याचा खारेपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, तापमान २६, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट ५. चूक कुठे झाली?

टँकच्या या आकड्यांत खोट काढण्यासारखं काही नाही. पण ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे तोच यादीत नाही: पिशवीतल्या पाण्याची क्षारता. समुद्री मासे विकणारी बरीच दुकानं आपले टँक १.०१८ ते १.०२२ घनतेवर (गोडं पाणी १ धरून) चालवतात. मीठ कमी लागतं आणि कमी खाऱ्या पाण्यात माशांवरचे परजीवीही जरा दबून राहतात. १.०२१ घनता म्हणजे साधारण २८ पीपीटी. तुमचा टँक ३५ ला. म्हणजे बहुतेक त्या दोघांना तासाभरात सात पीपीटीची चढण चढायला लावली गेली.

माशाला कल्ले आणि मूत्रपिंडं असतात, तो अंगातलं मिठाचं प्रमाण स्वतः सांभाळतो. स्टारफिश आणि सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) यांच्याकडे त्यासाठी अवयवच नाही. त्यांच्या पायांच्या नळ्यांत फिरणारं पाणी जवळजवळ समुद्राचंच असतं. बाहेरची क्षारता बदलली की आतली बदलणारच, आणि ती भराभर बदलली तर पेशींतलं पाणी ओढलं जातं. या जखमा वरून दिसत नाहीत. पेशी मरतात, त्या जागी जिवाणू शिरतात आणि पाच-दहा दिवसांनी पांढरा चट्टा वर येतो. म्हणून स्टारफिश आठवडाभर फिरला यावरून तो रुळला असं धरता येत नाही. घाव पहिल्याच तासात बसलेला होता.

श्रिम्पच्या बाबतीत क्षारतेबरोबर दुसरी गोष्टही घडली असणार. दुपारी चारला बांधलेली पिशवी सकाळी सातला उघडली तर पंधरा तास तो जीव त्याच पाण्यात श्वास घेतोय आणि मलमूत्र सोडतोय. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच घसरून ७ च्या आसपास येतो. इतक्या खाली आला की मलमूत्रातून साठलेल्या अमोनियापैकी विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, बाकीचा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि आत एअरस्टोन असेल तर काही मिनिटांत. त्यात टँकचं ८.२ पीएचचं पाणी ठिबकायला लागलं की तोच अमोनिया विषारी होतो. ८.२ ला विषारी भाग पाच ते सात टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापटीहून जास्त. एअरस्टोन सोडण्यामागची भावना चांगली होती, पण त्या पाण्यात तो उलट बाधला.

आता दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. घाणेरड्या पाण्यातून जीव लवकर बाहेर काढायचा आहे आणि क्षारता मात्र सावकाश बदलायची आहे. पिशवीतच ठिबक लावून ही दोन्ही कामं साधत नाहीत. त्यासाठी तिसरं पाणी लागतं: स्वच्छ, पण पिशवीइतक्याच क्षारतेचं. जीव आधी त्यात हलवायचा आणि मग तिथे निवांत थेंब लावायचे. चोवीस तास चालून आलेल्या पिशवीलाही हीच पद्धत लागू पडते.

तयारी आदल्या रात्री करा. पहिलं काम रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं यंत्र. बाजारातली स्वस्त यंत्रं बरेचदा साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेली असतात. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलं तरी ती समुद्राच्या पाण्यात एक-दीड पीपीटी जास्त दाखवतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी एकत्र करा. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतका असतो. त्याचे दोन थेंब टाकून स्क्रूने यंत्रातली रेषा ३५ वर आणायची. आयोडीनयुक्त घरचं मीठ चालतं. काटा दशांश ग्रॅम दाखवत नसेल तर सगळं दुपटीने घ्या, ७३ ग्रॅम मीठ आणि १९२७ ग्रॅम पाणी.

आठ-दहा लिटरचा एक नवा प्लास्टिकचा डबा या कामापुरता राखून ठेवा. साबणाने धुतलेली बादली नको. टँकचं पाणी उपसलं जाणार आहे, त्यामुळे टँकच्या नेहमीच्या समुद्री मिठाचं आठ लिटर पाणी ३५ पीपीटीला कालवून ठेवा, आत छोटा पंप फिरत राहू दे. शुद्ध पाण्याची दोन लिटरची बाटली भरून संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) तरंगत सोडा, म्हणजे सकाळी तिचं तापमान टँकइतकं असेल. शुद्ध पाणी म्हणजे आरओपुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. पिण्याच्या आरओ मशीनचं पाणी इथे पुरत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतात. कोल्हापुरात पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ आलं की आरओचे आधीचे फिल्टर लवकर भरतात. जून ते सप्टेंबर त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्या.

ठिबकासाठी मत्स्यालयाच्या दुकानातला व्हॉल्व शोधत बसू नका. मेडिकलमधून सलाइनचा नेहमीचा सेट आणा, बहुतेक सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं. लहान मुलांचा मायक्रो सेट नको, त्याचे ६० थेंब लागतात. वरच्या टोकाचा खिळा एअरपंपाच्या नळीत घट्ट बसवा आणि नळीचं दुसरं टोक टँकमध्ये बुडवा. खालच्या टोकाला सुई न लावता २० मिलीची सिरिंज जोडून ओढलं की पाणी सुरू होतं, तोंडाने ओढायची गरज नाही. थेंब पडताना दिसतात तो कप्पा टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा हातभर खाली लटकवा. कप्प्यावर हवेचं छोटं झाकण असेल तर ते बंद ठेवा. ते उघडं असलं आणि कप्पा वर राहिला तर हवा आत ओढली जाते आणि मध्यरात्री ठिबक बंद पडतं. दर मिनिटाचे थेंब मोबाइलच्या घड्याळावर मोजायचे आणि चाकाने कमी-जास्त करायचे.

सकाळी तावडे हॉटेलच्या बसथांब्यावर पार्सल उतरवून घेतलं की खोका उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरी खोलीतले दिवे मंद, टँकचे बंद. पिशवी न उघडता तरंगत ठेवा. उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात. डिसेंबर-जानेवारीत थर्माकोलचा खोका असूनही पिशवी २० अंशांपर्यंत उतरलेली असू शकते, तेव्हा चाळीस मिनिटं द्या. या वेळेची काळजी नको, बंद पिशवीत पीएच खालीच असतो. घाई करायची ती पिशवी उघडल्यानंतर.

पिशवी तरंगत असतानाच सुईच्या सिरिंजने पिशवीच्या वरच्या, हवेच्या भागात छिद्र पाडा, पिशवी जरा तिरकी करून अर्धा मिली पाणी ओढा आणि छिद्रावर सेलोटेप लावा. जीव खालच्या कोपऱ्यात आहे ना ते बघून सुई घाला. हे पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. समजा २८ आलं. तुमच्या टँकची क्षारता ३५ असेल तर २८ भागिले ३५, म्हणजे ०.८. दोन लिटर तिसऱ्या पाण्यासाठी १६०० मिली टँकचं पाणी आणि ४०० मिली शुद्ध पाणी डब्यात घ्या, ढवळून परत मोजा. इथे एअरस्टोन सोडायला हरकत नाही, उलट हवाच, कारण या पाण्यात अमोनिया नाही. डबा संपमध्ये अर्धा बुडेल असा ठेवता आला तर वेगळा हीटर लागत नाही.

आता पिशवी कापायची. श्रिम्पला जाळीने पकडू नका, मिशा आणि पाय जाळीत अडकून तुटतात. लहान कप बुडवा, तो आपोआप आत शिरेल, आणि कपातलं जास्तीचं पाणी सांडून त्याला डब्यात सोडा. स्टारफिश पिशवीला चिकटलेला असेल तर खेचायचा नाही. नळीसारखे पाय तुटतात आणि तिथूनच चट्टा सुरू होतो. पिशवीतलं बहुतेक पाणी ओतून टाका, अंग झाकेल एवढं ठेवा, पिशवी डब्यात बुडवा आणि हळूहळू आतून बाहेर उलटवत न्या. तो स्वतः सुटतो, दहा मिनिटं लागली तरी लागू देत. पिशवीतलं थोडं पाणी डब्यात गेलं तर बिघडत नाही. हात स्वच्छ आणि ओले हवेत, क्रीम किंवा साबणाचा अंश नको.

मग ठिबक. डब्यात २ लिटर पाणी, फरक ७ पीपीटीचा. स्टारफिश आणि अर्चिनसाठी तासाला १ पीपीटी हा वेग ठेवा. म्हणजे २००० भागिले ७, तासाला सुमारे २८५ मिली, मिनिटाला ९५ थेंब. दोन सेकंदांत तीन थेंब असं डोळ्यांनी धरा. सात तासांनी डब्यात ४ लिटर होतात आणि क्षारता ३१.५ वर येते. अर्धं पाणी काढून टाका. फरक निम्मा झाला म्हणून वेग दुप्पट करता येतो: पुढच्या साडेतीन तासांत ३३.२. परत अर्धं काढा, वेग पुन्हा दुप्पट, पावणेदोन तासांत ३४.१. इथे थांबलं तरी चालतं. सगळे मिळून बारा-सव्वाबारा तास. श्रिम्प, हर्मिट क्रॅब आणि शंखवाल्या गोगलगायी याच्या दुप्पट वेग सोसतात, म्हणजे सहा तास. दोघे एकाच डब्यात असतील तर वेग स्टारफिशचा ठेवायचा.

पिशवी ३४ ची निघाली तर एवढा खटाटोप करू नका. अर्ध्या-पाऊण तासात सोडा. नाजूक जिवाला चार तास ड्रिप द्या असं सरसकट सांगितलं जातं, त्यात फारसा अर्थ नाही. किती तास लागतील हे फरकावर ठरतं, आणि गरज नसताना चार तास डब्यात कोंडणं हाही त्रासच आहे.

यात एक खोच आहे. सुरुवातीचे १.६ लिटर आणि ठिबकाचे ६ लिटर मिळून टँकमधून साडेसात लिटरहून जास्त पाणी बाहेर जातं. ऑटो टॉप-ऑफ (एटीओ, वाफ होऊन घटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) चालू राहिला तर तो ही घट शुद्ध पाण्याने भरून काढेल आणि २५० लिटरचा टँकच १ पीपीटीने खाली येईल. म्हणजे एकीकडे जिवाला वर चढवायचं आणि दुसरीकडे टँक खाली उतरवायचा. एटीओचा प्लग आधी काढा आणि आदल्या रात्री कालवलेलं मिठाचं पाणी घालत राहा.

वीज जाण्याचा धोका आहेच. डब्याच्या एअरस्टोनसाठी बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी ठेवा. अमोनिया बांधणारं कंडिशनर डब्यात बाटलीवरच्या मापाने घातलं तर चालेल, पण त्याच्या भरवशावर पिशवीतच ठिबक लावू नका.

दुकानाचं पाणी, पिशवीतलं असो वा डब्यातलं, टँकमध्ये जाता कामा नये. माशांच्या टँकमध्ये तांब्याचं औषध सर्रास वापरतात. माशाला जी मात्रा औषध ठरते ती श्रिम्प, गोगलगाय आणि स्टारफिशला मारते. तांबं दगडात आणि सिलिकॉनमध्ये मुरतं, नंतर हळूहळू सुटत राहतं. याच कारणाने क्वारंटाइनसाठी (नवे जीव काही दिवस वेगळे ठेवण्यासाठी) घेतलेला जुना टँक, ज्यात कधी तांबं वापरलंय, या जिवांना कायमचा बाद. पितळी कॉक किंवा पितळी जोड असलेली पाण्याची लाइनही तपासून घ्या.

टँकमध्ये सोडताना दिवे बंद झाल्यावर सोडा. रॅस, हॉकफिश, ट्रिगर या माशांना नवा श्रिम्प म्हणजे जेवण वाटतं. ट्रिगर असेल तर श्रिम्प आणूच नका. पहिल्या दोन दिवसांत श्रिम्प बरेचदा कात टाकतो. सकाळी दगडावर पारदर्शक, पोकळ, मिशांसकट अख्खा सांगाडा दिसतो आणि घरात रडारड होते. डोळ्यांच्या जागी काळे ठिपके आहेत का ते बघा. नसतील तर ती कात आहे, श्रिम्प कुठेतरी दगडामागे मऊ अंगाने बसलाय. कात काढू नका, तो ती खाऊन टाकतो. आयोडीन घालायचीही गरज नाही. पण क्षारतेचा झटका बसल्यावर लगेच कात पडली तर त्यातून वाचणं अवघड असतं, आणि तुमच्या श्रिम्पचं बहुतेक असंच झालं असावं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ट्रोकस, टर्बो या गोगलगायी दगडावर पाय खाली करून ठेवा. वाळूवर उताणी पडलेली टर्बो बरेचदा स्वतः सुलट होत नाही. अर्चिनचे काटे ताठ आणि हलते असले की ठीक. काटे एका बाजूला झुकले किंवा गळायला लागले की क्षारतेकडे बघा. बबल टिप अ‍ॅनेमोनी (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटणारा जीव) घेताना पाय फाटलेला नाही आणि तोंड मिटलेलं आहे एवढं पाहा. सोडताना वेव्हमेकर (पाण्याला प्रवाह देणारा पंखा) बंद करा, आणि तो पाय रोवेपर्यंत वेव्हमेकरला जाळी लावा, नाहीतर फिरत फिरत पात्यात जातो आणि सगळा टँक नासवतो. त्याच्यासाठी दिवे निम्म्यावर आणून दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत करा. स्पंज क्षणभरही हवेत काढू नका, आतल्या बारीक वाटांत हवा अडकली की तो भाग मरतो. त्याला पाण्याखालीच एका डब्यातून दुसऱ्यात न्यायचं.

निळ्या स्टारफिशबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. क्षारता नीट जुळवली तरी हा जीव दगडावरचा जैविक थर खाऊन जगतो आणि २५० लिटरच्या टँकमधला थर काही महिन्यांत संपतो. मग तो उपासमारीने आतून पोकळ होत जातो. बाहेरून बरा दिसतो आणि एक दिवस कोलमडतो. तुमचा टँक दीड वर्षाचा आहे, वयाने चालला असता, पण आकाराने नाही. पुन्हा हाच आणण्यापेक्षा ब्रिटल स्टार आणा. तो सांडलेलं अन्न खातो आणि क्षारतेच्या बाबतीतही जरा सोशिक असतो. तरीही निळाच हवा असेल तर दुकानात फोटो मागवताना खालच्या बाजूचा मागवा. हातांच्या खालच्या बाजूला नखाएवढा शिंपल्यासारखा उंचवटा दिसला तर ती थायका जातीची परजीवी गोगलगाय असते, तीही स्टारफिशइतकीच निळसर असल्याने पटकन डोळ्यांत भरत नाही.

ट्रॅव्हल्सवर भरवसा ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये काहीही मागवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. गाडी अडकली की पिशवीचे पंधरा तासांचे दोन-तीन दिवस होतात.

आंबा घाट उतरून रत्नागिरीचं समुद्राचं पाणी आणण्याचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्यालगत मिसळत असल्याने त्याची क्षारता खाली असते. कुणी आणलंच तर आधी मोजून बघा. किनाऱ्यावरून जीव उचलून आणायचा विषय वेगळा आहे: सगळ्या समुद्रकाकड्या आणि खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

सध्याच्या स्टारफिशचं म्हणाल तर, चट्टा फक्त एका हाताच्या टोकाला असेल आणि बाकीचे हात ताठ असतील तर त्याला वेगळ्या डब्यात, टँकच्याच पाण्यात, हवा देऊन दोन दिवस बघा आणि रोज अर्धं पाणी बदला. चट्टा मधल्या चकतीकडे सरकला की वाचत नाही. तोवर तो टँकमध्ये असेल तर त्याच्याखाली कप धरून लगेच बाहेर काढा, कारण विरघळलेला स्टारफिश एका रात्रीत अमोनिया वर नेतो. काढल्यावर अमोनिया तपासा, दिसला तर पन्नास लिटर पाणी बदला, आणि पुढचं पार्सल महिनाभर तरी मागवू नका.